शेण, शेणखत आणि राब : परसबागेतील खताची परिभाषा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. खाचरात भात आणि वरकस जमिनीत नागली व वरी ही येथील परंपरागत पिके होत. पावसाळ्यात घरामागच्या परसात दुधी, काकडी, शिराळी, कारली यांचे वेल मांडवावर चढविले जातात, आणि त्यांना लागणारे खत बहुधा गोठ्यातूनच येते. या व्यवहारातील शब्द नित्याचे असल्यामुळे त्यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. तथापि त्यांत एक महत्त्वाचा भेद साठविलेला आहे. तो स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्रथम नामांचा विचार करू. गाय, बैल व म्हैस यांचे ते शेण, घोड्याची लीद, शेळी-मेंढीची लेंडी, कोंबडीची शीट. या सर्वांना व्यापणारा 'विष्ठा' हा शब्द संस्कृतातून आलेला असून तो शेतकऱ्याच्या नित्य बोलण्यातला नव्हे. प्रत्येक नाम निराळ्या गुणाच्या पदार्थाचे आहे. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. लेंडी कोरडी व कठीण असल्यामुळे सावकाश फुटते, पण तिच्यात नत्राचे प्रमाण शेणाहून अधिक असते. कोंबडीच्या शिटेतील नत्र तर लवकर अमोनियात रूपांतरित होऊन कोवळी मुळे जाळू शकते. कोंबडीखत 'उष्ण' असते, असे शेतकरी म्हणतात ते यामुळेच.

परंतु या नामांना 'खत' हे उत्तरपद जोडले की अर्थाची दिशा पालटते. शेणखत, लेंडीखत, सोनखत, गांडूळखत या समासांतील पूर्वपद पदार्थाचे मूळ किंवा त्याचे साधन सांगते. उत्तरपद त्याची अवस्था सांगते. (खरेदीखतातील 'खत' हा अरबीतून आलेला निराळा शब्द असून त्याचा येथे संबंध नाही.) क्रियापदांवरून हा भेद अधिक स्पष्ट होतो. शेण पडते, ते उचलतात, त्याच्या गोवऱ्या थापतात, त्याने जमीन सारवतात. खत कुजते, मुरते. ते पसरतात, आळ्यात घालतात. वाक्प्रचारांतही हेच दिसते : 'शेण खाणे' निंदेचे, तर 'खतपाणी घालणे' वाढीस लावण्याचे. सारांश, शेण ही वस्तू आहे आणि शेणखत हे तिचे कालांतराने झालेले रूपांतर आहे. हे रूपांतर जेथे घडते ते स्थळ म्हणजे उकिरडा. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, या म्हणीतही काळाचे हेच तत्त्व अतिशयोक्तीने आले आहे.

या भाषिक भेदाला रसायनशास्त्राचा आधार आहे. कच्चे शेण व काडीकचरा मातीत घातल्यास कुजविणारे सूक्ष्म जीव आपल्या वाढीसाठी मातीतील उपलब्ध नत्र ओढून घेतात आणि वेल पिवळा पडतो. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्या व तणांचे बी परसात येते. रोगजंतूही येऊ शकतात. नीट रचलेल्या ढिगाचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले म्हणजे हे दोष बरेच कमी होतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, जमिनीला खाण्याचा भाग टेकणाऱ्या पिकाला कच्चे खत दिल्यास ते काढणीपूर्वी किमान १२० दिवस, आणि इतर खाद्यपिकांस ९० दिवस आधी मातीत मिसळावे, असे बंधन आहे. तेथे जे दिवसांच्या आकड्याने साधले, ते मराठीने एका सामासिक शब्दाने साधले होते.

'राब' हा शब्द याच दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. भाताचे रोप जेथे वाढवावयाचे त्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांचे टहाळ, पालापाचोळा व माती यांचे थर देऊन पावसाळ्यापूर्वी ते भाजतात. १८८२ सालच्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या पद्धतीचे वर्णन आहे. १९१२ मध्ये हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी जोशी आणि कानिटकर यांनी तिचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. येथे शेण कुजत नाही, जळते. त्यातील बहुतेक नत्र उडून जाते, राख उरते आणि उष्णतेने तणाचे बी मरते. पद्धत निराळी, म्हणून शब्दही निराळा : राबाला कोणी 'खत' हे उत्तरपद जोडीत नाही. गोवऱ्या, सारवण, राब आणि उकिरडा असे एकाच शेणाचे चार वाटेकरी असल्यामुळे परसाच्या वाट्याला किती येते, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आज हा भेद दोन बाजूंनी पुसट होत आहे. कृषिविषयक पत्रकांत 'चांगले कुजलेले शेणखत' असा प्रयोग रूढ आहे. मूळ अर्थ पाहता यातील विशेषण अनावश्यक ठरावे; ते जोडावे लागते, याचा अर्थ 'खत' या पदातील अवस्थेचा बोध दुबळा झाला आहे. दुसरीकडे, 'जैविक खत' हा शब्द काही जण शेणखतास, तर काही जण रायझोबियमसारख्या जिवाणूंच्या संवर्धकास लावतात. पहिले आळ्यात घमेल्याने घालावयाचे. दुसरे साधारणतः दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात चोळावयाचे. शब्द एक आणि प्रमाण इतके भिन्न असेल, तर वाचकाची फसगत अटळ आहे. पहिल्यास 'सेंद्रिय खत' आणि दुसऱ्यास 'जिवाणू खत' म्हणणे हाच सरळ उपाय होय.

परिभाषा ही केवळ ग्रंथांसाठी घडविली जाते, असे मानण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः शेतकऱ्याच्या बोलीत ती पूर्वीच सिद्ध असते. तिच्यातील भेद न जाणता नवे शब्द रुजविले, तर शब्दाबरोबर त्यामागचे ज्ञानही हरवते, आणि त्याची किंमत परसातल्या वेलाला मोजावी लागते.