बारीक तारेची राखण

घाटमाथ्यावरच्या तलावांतलं पाणी खाली उतरवून टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्राने १९१५ साली मुंबईला वीज द्यायला सुरुवात केली. कर्जत तालुक्यातलं भिवपुरीचं केंद्र १९२२ चं. शंभर वर्षांहून अधिक काळ वीज घडवणाऱ्या या मुलखात आजही पावसात फ्यूज उडाला की हाताशी येईल ती तार पिळून बसवली जाते. मला याची खरोखर धास्ती वाटते.

जुन्या घरांत चिनी मातीचा किटकॅट फ्यूज असतो. त्यातली तार कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची. ५ अँपिअरला सुमारे ०.२ मिलिमीटर जाड, १५ ला ०.५. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, म्हणून शॉर्टसर्किट झालं की आधी हीच वितळते. तिच्या जागी जाड तार आली, तर तापण्याची पाळी भिंतीतल्या वायरिंगवर येते. कौलाखालच्या लाकडाजवळून गेलेली, आवरण तडकलेली जुनी वायर असेल, तर आग तिथेच धरते.

फ्यूज तपासण्याआधी टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो ठीक आहे ना, हे बघा. मग घरातली उपकरणं आणि मेन स्विच बंद करा. हात कोरडे, पायात कोरडी रबरी चप्पल, लादी ओली असेल तर खाली लाकडी पाट. फ्यूजच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावा. दिवा लागला तर काम तिथेच थांबवा. मेन बंद असला तरी त्याच्या आत येणाऱ्या वायरी जिवंतच असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. वितळलेली तार काढून त्याच अँपिअरची नवी घाला, स्क्रू आवळण्याच्या दिशेने गुंडाळा, ताणू नका. मेन लावल्यावर उपकरणं एकेक करून चालू करा. पुन्हा उडाला, तर दोष दुसरीकडे आहे, वायरमनला बोलवा.

फ्यूज घर वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. शरीरातून ३० मिलिअँपिअर गेले तरी जिवावर बेतू शकतं, आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. एवढ्या गळतीला सेकंदाच्या अंशात वीज तोडते ती आरसीसीबी. जुन्या घरात दुरुस्तीचा पहिला खर्च तिच्यावर करावा.

आणि गावातल्या डीपीचा फ्यूज? त्याला कधीच हात लावू नका. १९१२ या क्रमांकावर फोन करून कळवा आणि वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत अंधारात बसा.