पलटण : नाव तुकडीचे, मान बटालियनचा

सैन्यातले शब्द : लेखांक ६

पलटण हा पायदळासाठी मराठीत रुळलेला स्त्रीलिंगी शब्द. अनेकवचन पलटणी; हिंदीत शेवटी 'न', मराठीत 'ण'. भारतीय सैन्यात त्याचा अर्थ नेमका आहे : पायदळाची एक बटालियन, म्हणजे सुमारे आठशे जवान. पलटण म्हणजे प्लाटून नव्हे आणि रेजिमेंटही नव्हे. बातम्यांत आणि भाषांतरांत मात्र हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मग तीस-पस्तीस जणांची चकमक वाचकाला आठशे जणांची वाटते, नाहीतर एका पलटणीने रक्त सांडून मिळवलेला मान सगळ्या रेजिमेंटच्या नावावर जमा होतो.

शब्दाच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे तो 'बटालियन'चा अपभ्रंश, तर दुसऱ्या मताप्रमाणे 'प्लाटून'चा किंवा त्याच्या मुळाशी असलेल्या फ्रेंच 'पेलोतों'चा. 'पेलोतों'चा मूळ अर्थ लहानसा गोळा, सुताची गुंडी. त्यावरून तो माणसांच्या घट्ट घोळक्याला लागला. प, ल, ट, न ही व्यंजने 'प्लाटून'मध्ये याच क्रमाने येतात, त्यामुळे ध्वनीच्या दृष्टीने मराठी-हिंदी रूप त्याच्या जवळचे आहे. दक्षिणेत चित्र वेगळे दिसते. तमिळ-मलयाळममधील 'पट्टाळम्' आणि तेलुगूतील 'पटालम्' यांत ट आधी आणि ल नंतर, म्हणजे क्रम 'बटालियन'चा. उत्तरेकडच्या रूपात आवाज प्लाटूनचा उतरला आणि अर्थ बटालियनचा, असे म्हणता येते.

छोट्या तुकडीचे नाव एवढे महत्त्वाचे का झाले, हे ठासणीच्या बंदुकीवरून कळते. दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. तयार शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. सगळी रांग एकदम झाडली, तर पुढचे काही क्षण सगळ्याच बंदुका रिकाम्या राहत आणि तेवढ्यात शत्रूचे घोडदळ अंगावर येई. म्हणून बटालियनची रांग प्लाटूनांत वाटली जाई आणि त्या पाळीपाळीने बार काढत. एक भरते आहे, दुसरी नेम धरते आहे, तिसरी झाडते आहे, अशी ती साखळी. ती टिकवायची तर रोजची कवायत, हुकमाला एकाच वेळी हलणारे हात आणि ठरलेला पगार हवा. अशा कवायती पायदळाला देशी भाषांत पलटण हे नाव पडले. घोडदळाला ते कधी लागले नाही. त्यासाठी 'रिसाला' होता.

पायदळाची शिस्तबद्ध रचना मराठ्यांना नवी नव्हती. सभासदाच्या बखरीत शिवकाळातील पायदळाची उतरंड दिली आहे : दहा माणसांत एक नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. यातले नाईक आणि हवालदार हे हुद्दे आजच्या भारतीय सैन्यातही आहेत. अठराव्या शतकात बदलली ती लढण्याची रीत. तिच्याबरोबर आधी 'गारदी' हा शब्द आला. तो 'गार्ड'वरून आल्याचे मानले जाते. इब्राहिमखान गारदी फ्रेंचांच्या हाताखाली तयार झाला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून केला आणि मराठीत त्या शब्दाला मारेकऱ्याचा अर्थ कायमचा चिकटला.

'पलटण' या शब्दाला मराठी मुलखात वजन आले ते महादजी शिंद्यांच्या काळात. १७८४ साली त्यांनी सव्हॉयच्या बेन्वा दि बॉयनला चाकरीस ठेवले आणि त्याने प्रथम दोन पलटणी उभ्या केल्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांची संख्या वाढत तीन ब्रिगेडपर्यंत गेली. अशा ब्रिगेडला 'कंपू' म्हणत. पोर्तुगीज 'कांपो' किंवा इंग्रजी 'कॅम्प' यावरून तो शब्द आला. १७९० साली पाटण आणि मेडता येथील विजयांत या पलटणींचा मोठा वाटा होता. १ नोव्हेंबर १८०३ रोजी लासवारीला, बहुतेक युरोपीय अधिकारी सोडून गेल्यावरही, शिंद्यांच्या पलटणी शेवटपर्यंत हटल्या नाहीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील 'कंपू' ही वस्ती आजही त्या काळाचे नाव सांगते. बोलीत मात्र कंपू म्हणजे आतल्या गोटातल्या चार जणांचे टोळके.

आजची रचना खालून वर अशी आहे. दहा जवानांचा सेक्शन. तीन सेक्शनांची प्लाटून. तिचा प्रमुख सुभेदार किंवा नायब सुभेदार. तीन प्लाटूनांची कंपनी, साधारण एकशेवीस जवानांची. तिचा प्रमुख बहुधा मेजर. अशा चार रायफल कंपन्या, शिवाय सपोर्ट आणि हेडक्वार्टर कंपनी मिळून बटालियन, म्हणजेच पलटण. तिचा प्रमुख कर्नल. पलटणीच्या वर लढाईच्या साखळीत ब्रिगेड येते, रेजिमेंट नव्हे. भारतीय पायदळात रेजिमेंट हे एका अर्थी कूळ आहे. भरती, प्रशिक्षण, निशाण, परंपरा तिच्या; पण तिच्या पलटणी वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये, वेगवेगळ्या सरहद्दींवर असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, पण संपूर्ण रेजिमेंट एका रणांगणावर एकत्र उतरत नाही. जवानाचे रोजचे घर म्हणजे पलटण. म्हणूनच निवृत्त सैनिक 'आमची पलटण' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ओळखीचे चेहरे असतात.

हा फरक जुन्या लष्करी नोंदींत दोन आकड्यांनी दाखवला जाई. १९२२ च्या फेररचनेनंतर मराठ्यांची रेजिमेंट पाचवी ठरली. तेव्हा '३/५ मराठा' म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण आणि '१/५ मराठा' म्हणजे त्याच रेजिमेंटची पहिली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ३/५ मराठाचे नाईक यशवंत घाडगे एका सेक्शनचे नेतृत्व करत होते. जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे त्या तोंडावर धावून गेले, ठाणे मोडले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर तोच मान मिळवणारे शिपाई नामदेव जाधव १/५ चे, म्हणजे 'जंगी पलटण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पहिल्या बटालियनचे. रेजिमेंट एक, पलटणी दोन. घाडग्यांची कथा सांगताना 'पलटण गारद झाली' असे लिहिले, तर दहांचे आठशे होतात आणि एकट्या नाईकाने काय केले तेच हरवते. सभासदाने सांगितलेला दहांचा नाईक इथे पुन्हा भेटतो.

छावणीबाहेरही हा शब्द दूरवर गेला. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ पलटण रोड आहे, डेहराडून आणि गुवाहाटीत पलटन बाजार, तर ढाक्यात पुराना पल्टन. जिथे पलटणीचा मुक्काम, तिथे हे नाव मागे राहिले. घरगुती मराठीत 'पोरांची पलटण आली' म्हणताना संख्या आणि गलका दोन्ही सुचतात. कबड्डीच्या 'पुणेरी पलटण' संघाने एकजुटीचा अर्थ उचलला. या लाक्षणिक वापरात आकड्याची अट नाही आणि तो अगदी योग्य आहे.

लष्करी मजकुरात मात्र अट पाळावी. 'बटालियन'साठी पलटण लिहावे. 'प्लाटून'ला प्लाटूनच म्हणावे, कारण दुसरा रुळलेला मराठी शब्द नाही. 'रेजिमेंट' तशीच ठेवावी. जुने कागद वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. एकोणिसाव्या शतकात देशी पायदळाच्या रेजिमेंटलाही लोक पलटणच म्हणत, कारण तेव्हा बहुतेक रेजिमेंट एकाच बटालियनच्या होत्या. तिथे शब्दापेक्षा शिपायांची संख्या पाहून अर्थ ठरवावा.

पुढील लेखांक : रिसाला