लंगोटावरची लोकरी चड्डी : समज आणि वस्तुस्थिती

"लोकर? तीही लंगोटावर? अहो, घामोळं येईल बाळाला!" जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या आया तिथे बाळाच्या कापडी लंगोटावर चढवलेली लोकरी चड्डी पाहतात, तेव्हा बहुतेकींचं पहिलं वाक्य हेच असतं. मागोमाग बाकीच्या शंका येतात. लोकर टोचते, भिजते, वास मारते, धुतली की आटते.

यातल्या बऱ्याचशा शंका एकाच समजुतीतून निघतात. लंगोटावरचं आवरण म्हणजे ओल आत कोंडून ठेवणारी भिंत, असं आपण धरून चालतो, कारण आपण पाहिलेलं मेणकापड, रबरी चादर, प्लास्टिकची चड्डी तेच काम करतात. लोकर ते करत नाही. ती थोडी ओल स्वतःत घेते आणि सावकाश हवेत सोडून देते. एवढं लक्षात आलं की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडतात.

लोकरीचा तंतू म्हणजे केरॅटिन, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच प्रथिन. तंतूच्या बाहेरून एकावर एक चढलेले खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध द्रव्याचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळे पाण्याचा थेंब वर टिकतो, लगेच आत शिरत नाही. आतला गाभा मात्र पाण्याच्या वाफेसाठी खुला असतो. लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश इतकी वाफ शोषते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. तुलनेसाठी, ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत लोकरीत वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा असतो, सुती कापडात ७-८ टक्के आणि पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतो. आपल्या धनगरांची घोंगडी बाहेरच्या स्निग्ध थरामुळेच पावसात उपयोगी पडते. पावसाची सर वरून निथळून जाते, आतला माणूस कोरडा राहतो. झड दिवसभर लागली की मात्र ओल आत शिरते आणि तीच घोंगडी जड होते.

म्हणून "लोकरी चड्डी घातली की लंगोट नको" हा समज आधी बाजूला ठेवायला हवा. लघवी शोषण्याचं काम आतल्या सुती कापडाचंच आहे. आपला पारंपरिक त्रिकोणी मलमलचा लंगोट एका लघवीत पूर्ण भिजतो. त्यावर कितीही चांगली चड्डी चढवली तरी ती गळणारच. आत अनेक पदरी घडीचा जाड सुती लंगोट हवा, रात्री त्यात आणखी एक घडी. आणि लंगोट भिजला की बदलायलाच हवा. लोकरीतून हवा खेळते म्हणून त्वचा कमी कोंदटते हे खरं, पण ओल्या लंगोटात तासन्‌तास ठेवलेल्या बाळाला लोकरीखालीही लाली येते.

चड्डी गळते कधी, हेही नीट समजून घ्यायला हवं. ओला लंगोट दाबला गेला की पाणी लोकरीतून पलीकडे ढकललं जातं. गाडीतल्या सीटवर बराच वेळ बसलेलं बाळ, अंगाशी घट्ट बांधलेलं बाळ, झोळीत अंगाभोवती आवळलेलं कापड, या जागी अंथरूण ओलं होण्याची शक्यता जास्त. गादीवर मोकळं झोपलेलं, रांगणारं बाळ असेल तर त्याच चड्डीचं काम उत्तम चालतं. प्रवासाला पॉलियुरेथेनचा पातळ थर चिकटवलेल्या कापडाचं कव्हर घेतलं तर त्यात काही बिघडत नाही.

उन्हाळ्याबद्दल. लोकर आतली वाफ बाहेर जाऊ देते, त्यामुळे कोरड्या उकाड्यात एकेरी विणीची पातळ चड्डी प्लास्टिकपेक्षा नक्कीच सुसह्य असते. पुणे, नाशिक, विदर्भातल्या कोरड्या हवेत ती लवकर वाळतेही. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हे गणित बदलतं. हवाच इतकी दमट असते की लोकर आधीच बराच ओलावा धरून बसलेली असते आणि घेतलेला ओलावा सोडायला तिला जागा नसते. धुतलेली चड्डी दोन-दोन दिवस ओलसर राहते. तिथे पावसाळ्यापुरती ती कपाटात ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सर्वांत महागात पडणारा गैरसमज. आपल्याकडे दुकानात "लोकर" मागितली की हातात येणारे गुंडे बहुतेक वेळा ॲक्रिलिकचे असतात. हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांकडून घेतलेले, बऱ्याचदा लुधियानात बनलेले स्वेटरही पुष्कळदा ॲक्रिलिकचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. ऊब देण्यापुरतं ते ठीक, पण लंगोटावर ॲक्रिलिक साफ निरुपयोगी आहे. ते ओल धरत नाही, सरळ पलीकडे सोडतं. किती बायकांनी हौसेने असली चड्डी विणली असेल आणि "लोकर गळते" म्हणून टाकून दिली असेल, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ओळख सोपी आहे. धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून काळजीपूर्वक जाळा. खरी लोकर नाखुशीने जळते, ज्योत काढली की विझते, जळलेल्या केसांसारखा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरता येते. ॲक्रिलिक भरभर पेट घेतं, वितळतं आणि मागे कडक मणी उरतो.

खरी लोकरही सगळी सारखी नसते. टोचणं हे तंतूच्या जाडीवर अवलंबून असतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं त्वचेला बोचतात. मेरिनो मेंढीचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो, म्हणून तान्ह्या बाळाच्या मांडीलाही तो मऊ लागतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते. घोंगडीसाठी आणि जेनासाठी, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड अंथरुणासाठी, ती गुणी आहे, पण बाळाच्या मांडीला लागणाऱ्या चड्डीसाठी नाही. आणखी एक अडचण वेष्टणावरच्या 'सुपरवॉश' या शब्दात असते. मशीनमध्ये आटू नये म्हणून अशा लोकरीचे खवले रसायनाने बोथट करतात आणि वर राळेचा लेप देतात. विणायला ती छान, पण लॅनोलिन, म्हणजे लोकरीचं मेण, तिच्यावर नीट टिकत नाही. या कामासाठी साधी, सुपरवॉश न केलेली मेरिनोच घ्यावी.

चड्डी विणायला फार कौशल्य लागतं, हा समज स्वेटर विणू शकणाऱ्या कुणीही मनातून काढून टाकावा. नवजात बाळासाठी ५० ते १०० ग्रॅम लोकर पुरते. कमरेला आणि मांड्यांना दोन सुलट दोन उलट, मधे सगळं साधं. सुई नेहमीपेक्षा एक नंबर बारीक घ्यावी, म्हणजे वीण घट्ट येते. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच हवी, कारण जाड लंगोटाचा फुगवटा मागे जास्त असतो. त्यासाठी पाठीकडे अर्ध्यावरून वळणाऱ्या काही ओळी घालाव्यात. दोन मांड्यांच्या मधला पट्टा दुहेरी केला की रात्रीची चिंता निम्मी होते. कमरेत इलॅस्टिकपेक्षा विणलेली नाडी बरी, बाळ वाढलं तरी तीच चड्डी चालते. विणायचं नसेल तर शंभर टक्के लोकरीचा जुना स्वेटर गरम पाण्यात मशीनमध्ये घुसळून मुद्दाम आटवावा. कापड दाट, नमद्यासारखं होतं आणि कापलं तरी उसवत नाही. बाह्यांच्या विजारीच्या तंगड्या करता येतात.

हाच प्रकार नको तेव्हा घडला की आपण "लोकर गरम पाण्याने आटते" म्हणतो. दोष एकट्या गरम पाण्याचा नसतो. ओल्या लोकरीला घुसळलं की खवले एकमेकांत अडकतात आणि तंतू एकाच दिशेने सरकत गच्च होतात. उष्णता त्याला हातभार लावते. म्हणून चड्डी कोमट पाण्यात भिजवायची, हलकेच दाबायची, पिळायची नाही आणि घासायची तर मुळीच नाही.

"आठवड्या-आठवड्याला धुवत नाहीत म्हणजे घाणेरडं" असं ज्यांना वाटतं, त्यांची शंका रास्त आहे. लघवी निर्जंतुक असते, म्हणून धुवायची गरज नाही, असं काही जण सांगतात. ते चूक आहे, लघवीत जिवाणू असतात. खरं कारण निराळं आहे. लघवीचा भार सुती लंगोट घेतो आणि तो प्रत्येक वेळी धुतला जातो. चड्डीपर्यंत पोचते ती मुख्यतः दमट वाफ आणि थोडी ओल. शिवाय लोकर अमोनियासारखे वास स्वतःत बांधून ठेवते. तीन-चार चड्ड्या आलटून पालटून वापरल्या, प्रत्येक वेळी पूर्ण वाळू दिल्या, तर दोन-तीन आठवड्यांनी धुतल्या तरी चालतात. वाळलेल्या चड्डीला वास आला की तो धुण्याचा इशारा. शी लागली तर मात्र तेवढा भाग लगेच धुवायचा.

धुण्यासाठी कपड्यांचा सोडा, ब्लीच आणि नेहमीची पावडर वर्ज्य. क्षाराने लोकर कमकुवत होते, क्लोरिनच्या ब्लीचमध्ये तर चक्क विरघळते. डाग काढणारी प्रथिनभेदी विकरं असलेली पावडर लोकरीलाही खाते, कारण लोकर स्वतःच प्रथिन आहे. आपल्याकडे शाली आणि रेशमी लुगडी ज्या रिठ्याच्या पाण्यात धुतली जात, ते पाणी इथे अगदी योग्य आहे. ते किंचित आम्ल असतं आणि तेल-मळ सौम्यपणे काढतं. धुऊन झाल्यावर चड्डी भरपूर पाण्यात खळबळून काढावी.

दुकानातली लोकर थेट वापरता येत नाही, हेही फारसं कुणी सांगत नाही. मेंढीच्या त्वचेतल्या ग्रंथींतून पाझरणारं लॅनोलिन हे लोकरीचं मेण कारखान्यातल्या धुलाईत बहुतेक निघून जातं. ते परत द्यावं लागतं. अर्धा चमचा शुद्ध लॅनोलिन आणि थोडा बेबी शांपू बाटलीत गरम पाण्याबरोबर दुधाळ होईपर्यंत हलवायचा, ते कोमट पाण्यात ओतायचं आणि उलटी केलेली चड्डी त्यात काही तास बुडवून ठेवायची. लॅनोलिन ४० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गार पाण्यात त्याच्या चिकट गुठळ्या होतात. नंतर टॉवेलात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने चड्डी लांबते.

लॅनोलिन सगळ्यांनाच चालतं, असं मात्र नाही. चिरलेल्या स्तनाग्रांना लावायचं मलम पुष्कळदा त्याचंच असतं आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण एक्झिमा असलेल्या त्वचेला त्याची ॲलर्जी होऊ शकते. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०२३ साठी लॅनोलिनला वर्षातला लक्ष देण्याजोगा ॲलर्जिकारक म्हणून निवडलं होतं. बाळाला एक्झिमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

"ही नवी श्रीमंती थेरं" असंही ऐकू येतं. उलट लोकरीचं आवरण जुनं आहे, प्लास्टिक मागाहून आलं. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी न्हाणीघराच्या पडद्यापासून लंगोटावरचं कव्हर शिवलं आणि १९४९ मध्ये ते न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला आलं. पँपर्स आलं १९६१ मध्ये. त्याआधी युरोपातल्या आज्या लोकरच विणत होत्या.

शेवटचा समज सर्वांत धोक्याचा आहे: लोकर जपायची तर डांबराच्या गोळ्या हव्यातच. जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या नवजात बाळांत या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे लाल रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत. ती गोळ्या चघळल्यामुळेच घडली असंही नाही, गोळ्यांत ठेवलेले कपडे आणि दुपटी अंगाला लागूनही घडली. विकराची कमतरता आहे हे पुष्कळदा आधी कुणाला माहीतच नसतं. म्हणून बाळाच्या कुठल्याच कपड्यात या गोळ्या नकोत, चड्डीत तर नाहीच. कसरीच्या अळीला घामाचे, लघवीचे, दुधाचे डाग असलेली लोकर जास्त आवडते, तेव्हा ठेवण्याआधी चड्डी स्वच्छ धुवायची, कडकडीत वाळवायची आणि घट्ट बंद पिशवीत घालायची. शंका असेल तर तीच पिशवी दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली की अंडी आणि अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची, नाहीतर बाहेरच्या हवेतला दमटपणा लोकरीवर साचतो.