जिल्हा जन्मला, बेकहॅम बाहेर गेला!

१ जुलै १९९८. धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला, तो दिवस. मध्यरात्र उलटून अर्धा तास झाला आणि तिकडे फ्रान्समध्ये सेंट एतिएनच्या मैदानावर वर्ल्ड कपच्या अर्जेंटिना-इंग्लंड सामन्याची शिट्टी वाजली. तिथं अजून ३० जूनची रात्र होती. आपल्या घड्याळात साडेबारा. मायकेल ओवेनचा तो सुसाट धावत जाऊन मारलेला गोल, डेव्हिड बेकहॅमला दाखवलेलं लाल कार्ड, २-२ अशी बरोबरी आणि पेनल्टीत अर्जेंटिनाची ४-३ अशी सरशी. नव्या जिल्ह्याची पहिली सकाळ उजाडण्याआधी एवढं सगळं घडून गेलं होतं! जिल्ह्याचा वाढदिवस सांगताना फुटबॉलवेड्या नंदुरबारकरानं हे आवर्जून सांगावं.

तालमीतून थेट मैदानात

हौशी फुटबॉल क्लब गल्लीतून कसा उभा राहतो, हे बघायचं तर कोल्हापूर गाठावं. संघांची नावं नुसती वाचली तरी मजा वाटते: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. युनायटेड नाही, सिटी नाही, सरळ तालीम! शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि शहरात पेठेपेठेला तालमी घुमू लागल्या. मग फुटबॉल आला, तेव्हा त्याच्यासाठी नवं काही उभारावं लागलं नाही. जमायला जागा होती, व्यायाम केलेली पोरं होती, पेठेचा अभिमान तर ओसंडून वाहत होता. लाल मातीत लंगोट कसणाऱ्यांच्या तालमीनं बूट आणि जर्सीलाही आपलं नाव दिलं.

म्हणूनच तिथली लढत दोन संघांपुरती राहत नाही. मंगळवार पेठेचं पाटाकडील आणि शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन पेठाच उतरतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'केएसए'ची लीग झाली, की चषकांच्या स्पर्धा. फायनल टायब्रेकरवर गेली तर विचारूच नका. ही ईर्षा कधी कधी हद्द सोडते, समर्थकांत हाणामारी होते, सामना थांबवावा लागतो. त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात पोरांचा खेळ बुडतो. पण आपल्याच गल्लीतल्या पोरांचा सामना बघायला अख्खी गॅलरी भरते, हे वैभव महाराष्ट्रात किती शहरांच्या वाट्याला आलंय?

आणखी एक गंमत. अलीकडच्या वर्षांत या संघांकडून नायजेरियाचे खेळाडूही खेळतात. आफ्रिकेतून आलेला फॉरवर्ड कोल्हापुरातल्या तालमीची जर्सी घालून गोल मारतो आणि पेठ त्याला डोक्यावर घेते!

ऑटोरिक्षा ते वर्ल्ड कप

६ ऑक्टोबर २०१७, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. फिफाच्या स्पर्धेत भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदाच उतरला, १७ वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये. समोर अमेरिका. भारताच्या आक्रमणात होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. सामना ०-३ असा गेला. पण वर्ल्ड कपमध्ये महाराष्ट्राचा पोरगा खेळला, याचं मोल त्या आकड्यानं कमी होत नाही.

त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारनं 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' केलं होतं. एकाच दिवशी राज्यभरातल्या दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा, असा तो बेत. शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. कार्यक्रम एका दिवसाचा असला, तरी चेंडू शाळेत राहिले, आणि मला तीच त्यातली खरी कमाई वाटते.

पटापट चार गोष्टी

गोव्यात फुटबॉल आला तो एका आजारी पाद्र्यामुळं. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे १८८३ मध्ये हवापालटासाठी शिवोलीला आले आणि पोरांना चेंडूची गोडी लावून बसले.

मुंबईचा रोव्हर्स कप सुरू झाला १८९१ मध्ये. पहिला मान गोऱ्या सोल्जरांच्या वूस्टरशायर रेजिमेंटचा. भारतीय संघाला तो कप जिंकायला थेट १९३७ उजाडलं. जिंकला बंगलोर मुस्लिम्सनं.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बरेचसे खेळाडू फ्रान्सविरुद्ध अनवाणी खेळले. दोन पेनल्टी हुकल्या, तरी हार फक्त १-२ अशी! आज अनवाणी खेळता येत नाही, नियमानं बूट सक्तीचे आहेत.

नागपुरात पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं हिस्लॉप कॉलेजचे प्राध्यापक विजय बारसे यांना दिसली. त्यांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. पुढे याच कामावर नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला, २०२२ मध्ये.

आता आपलं गणित

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात क्लब काढायला काय लागतं? चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. मैदान किमान ९० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद. अक्राणी तालुक्यातल्या धडगावच्या डोंगरात एवढा सपाट तुकडा शोधताना दमछाक होईल, पण पाच-पाच जणांचा खेळ छोट्या जागेतही रंगतो. अकरा पोरं जमली नाहीत म्हणून सामना रद्द करायचीही गरज नाही. नियम सांगतो, दोन्ही बाजूंना निदान सात-सात जण असले, तरी शिट्टी वाजवता येते.

नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी. तालुके सहा, तेव्हा संघही सहाच धरू. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा खेळायचं, तर होतात १५ सामने. दर रविवारी तीन लावले, की पाच रविवारांत लीग आटोपते. दिवाळीनंतर सुरुवात केली तर पावसाचीही फारशी भीती नाही, आणि शेवटच्या रविवारी अख्खा तालुका गाड्या भरून येईल!