चालणारी चांदणी

"बाई, काल मी चालणारी चांदणी पाहिली!" पाचवीच्या वर्गात एका मुलीनं उभं राहून सांगितलं, आणि सगळा वर्ग हसला. "अगं, विमान असेल. बस खाली," मीही म्हणाले. "पण बाई, तिचे दिवे लुकलुकत नव्हते. आणि मधेच विझली ती!" मी ते हसण्यावारी नेलं. त्यानंतर आठवडाभर त्या पोरीनं वर्गात हात वर केला नाही.

मनाला रुखरुख लागली, म्हणून वाचून पाहिलं. चूक माझीच होती! तिनं सांगितलेलं वर्णन आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाशी तंतोतंत जुळत होतं. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला राहून आले, तेच हे स्थानक. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. आपल्याला दिसतो तो त्याच्यावर पडलेला सूर्यप्रकाश. अंगणातलं ऊन गेलं तरी गच्चीवर रेंगाळतं ना, तसंच! आपल्याकडे दिवेलागण झाली तरी तिथं ऊन असतं. पृथ्वीच्या सावलीत शिरलं की ते मधेच विझतं.

मैत्रिणींनो, हे पाहायला दुर्बीण लागत नाही. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या मोबाइल अॅपवर आपल्या गावाची वेळ आणि दिशा मिळते. वेळ संध्याकाळची किंवा पहाटेची. मध्यरात्री शोधू नका. दहा मिनिटं आधी गच्चीवरचा दिवा मालवा, म्हणजे डोळे अंधाराला सरावतील. पश्चिमेच्या बाजूनं न लुकलुकणारा ठिपका येईल आणि चार-पाच मिनिटांत पूर्वेकडे सरकेल.

हा काही पोरखेळ नव्हे बरं का! १९५७ साली स्पुटनिक उडाला, तेव्हा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेनं 'मूनवॉच' नावाची हौशी निरीक्षकांची पथकं उभी केली होती. त्यांच्या नोंदी शास्त्रज्ञांनी वापरल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर सांगितलं, "तिचं बरोबर होतं, बाईंचं चुकलं." त्याच आठवड्यात आमच्या अक्कलकोटच्या गच्चीवर मुली आणि त्यांच्या आया जमल्या. स्वयंपाक जरा लवकर उरकला होता सगळ्यांनी. अंधारात पहिला हात वर झाला तो तिचाच. "बाई, ती बघा!"

या वेळी मी आधी वर पाहिलं.