चाकांवरचें बिऱ्हाड

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण बहुधा एकट्या फिरस्त्याला लावतों. पण आईबाप, दोन-तीन लहान मुलें, त्यांच्या पाट्या-पुस्तकांसह सगळा संसारच पाठीवर घ्यावयाचा म्हटला तर? ऑस्ट्रेलियांत आज कित्येक कुटुंबें हें करीत आहेत. राहतें घर भाड्यानें देऊन किंवा विकून तीं मोटारघरांत राहावयास जातात आणि वर्ष-दोन वर्षें त्या खंडाची प्रदक्षिणा करीत राहतात. मोटारघर म्हणजे जिच्या पोटांतच चूल, बिछाने आणि न्हाणीघर बसविलेलें आहे अशी मोठी मोटार. हा संसार चालतो कसा, आणि मुलांच्या पदरांत त्यांतून काय पडतें, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

या प्रदक्षिणेचा मुख्य मार्ग म्हणजे त्या देशाचा महामार्ग क्रमांक १. त्याची लांबी सुमारें १४,५०० किलोमीटर आहे. मात्र प्रवासाचा क्रम माणूस ठरवीत नाहीं, ऋतु ठरवितो. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उत्तर भागांत पावसाळा असतो आणि पुरानें रस्ते बंद पडतात. म्हणून जून-जुलैमध्यें उत्तरेस आणि डिसेंबर-जानेवारींत दक्षिणेस राहावयाचें, असा शिरस्ता आहे. दक्षिणेस नलारबोरचें विस्तीर्ण, जवळजवळ वृक्षहीन मैदान आहे. तेथें रस्त्याचा एक तुकडा १४६ किलोमीटरपर्यंत एकाही वळणावांचून सरळ जातो. मुंबईहून पुण्यास जातांना खंडाळ्याच्या घाटांत मुलांना जी मौज वाटते, तिचा येथें मागमूसही नसतो. अशा दिवशीं मुलांना रमविणें हें गाडी हांकण्याहून अवघड काम होय.

घराची व्यवस्था पाहूं लागलें म्हणजे प्रथम पाण्याचा हिशेब पुढें येतो. आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आंखतांना दर माणशीं रोज १३५ लिटर पाणी धरतात. बेताच्या मोटारघराच्या टाकींत शंभर-दीडशें लिटरच पाणी मावतें, आणि तेवढ्यांत चार जणांचे दोन-तीन दिवस निभावावे लागतात. टाकी वाटेल तेवढी मोठी करतां येत नाहीं. कारण लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, आणि मोटारींच्या साध्या परवान्यावर तेथें साडेचार टनांपर्यंतचेंच वाहन चालवितां येतें. सांडपाण्याची टाकी निराळी, शौचाची निराळी. ही दुसरी नेमून दिलेल्या जागींच रिकामी करावयाची. दिवे आणि पंखे छपरावरील सौर तावदानांवर व बॅटरीवर चालतात. नळ फिरविला कीं पाणी आणि बटण दाबलें कीं दिवा, एवढेंच ठाऊक असलेल्या मुलाला हीं दोन्हीं कोठून येतात व केव्हां संपतात हें येथें आपोआप समजतें. या प्रवासांतील हा पहिला लाभ.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. धांवत्या गाडींत मुलांना मागच्या बिछान्यावर लोळूं देण्यास कायद्यानें मनाई आहे. सात वर्षांखालील मुलाला त्याच्या अंगलटीचें खास आसन आणि पट्टा लागतो. म्हणून जाणता गृहस्थ गाडी घेतांना 'हिच्यांत किती जण निजतील?' असें न विचारतां 'हिच्यांत मुलांचीं किती आसनें पक्कीं बसतील?' असें आधीं विचारतो.

आतां शाळेचा प्रश्न. या बाबतींत त्या देशाचा पूर्वानुभव आपल्या आकाशवाणीच्या श्रोत्यांस विशेष गोड वाटेल. तेथील दुर्गम भागांत आजाऱ्यासाठीं विमानानें डॉक्टर बोलावण्याकरितां घरोघर रेडिओयंत्रें असत. तीं यंत्रें लहान मुलेंही सहज हाताळतात, हें पाहून अ‍ॅडिलेड मीथ्के या शिक्षणतज्ज्ञ बाईंना कल्पना सुचली कीं, याच मार्गानें शाळा कां भरवूं नये? १९५१ सालीं अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथें ही शाळा सुरू झाली. शिक्षिका एका खोलींत आणि विद्यार्थी शेंकडों कोसांवर. तरी हजेरी होई, प्रश्न विचारले जात आणि उत्तरेंही मिळत. तिचें क्षेत्र सुमारें तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे चार महाराष्ट्रांहून अधिक आहे. रेडिओची जागा आतां उपग्रहानें व इंटरनेटनें घेतली आहे. त्या देशांतील कांहीं दूरशिक्षण-शाळा फिरत्या कुटुंबांच्या मुलांनाही प्रवेश देतात. अथवा रीतसर नोंदणी करून आईबाप स्वतः शिकवूं शकतात.

पाणी, दिवा आणि शाळा यांची तजवीज याप्रमाणें होऊं शकते. एक गोष्ट मात्र कोणत्याही टाकींत भरून नेतां येत नाहीं, ती म्हणजे शेजार. चार वर्षांच्या मुलाला आईबाप जवळ असले कीं सारें जग जवळ असतें; दहा वर्षांच्या मुलाला मात्र खेळगडी हवा असतो. तळावर संध्याकाळीं जुळलेली मैत्री सकाळीं गाडी सुरू होतांच तुटते, आणि असें वरचेवर होऊं लागलें म्हणजे मूल नवी मैत्री करण्यासच नाखूष होतें. यावर शहाणे पालक वेग कमी करतात. एकेका गांवीं चार-सहा आठवडे मुक्काम करतात, किंवा वाटेंत भेटलेल्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर मार्ग जुळवून घेतात. आठवड्यांत पाहिलेल्या स्थळांची संख्या त्यामुळें घटते. पण मुलाच्या हिशेबीं ती कधींच मोठी नव्हती.

फिरतें बिऱ्हाड आपल्यालाही अपरिचित नाहीं. ऊसतोडणीसाठीं बीडकडचीं कुटुंबें दर हंगामांत मुलांसह साखर कारखान्यांकडे जातात, आणि त्यांत कितीक मुलांची शाळा सुटते. मग दोन प्रवासांत अंतर कोणतें? एक हौसेचा आणि दुसरा पोटासाठीं, हें तर खरेंच. पण मुलाच्या दृष्टीनें पाहिलें तर पहिल्यांत शाळेशीं धागा तुटत नाहीं आणि परत येण्याचा दिवस ठरलेला असतो. हीं दोन्हीं नसतील तर उत्तमांतलें उत्तम मोटारघरही मुलाला घर वाटणार नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं नकाशावर बोट ठेवून 'कोठें जावयाचें?' हें ठरवा, पण त्याआधीं मुलाला जवळ घेऊन 'केव्हां परतावयाचें?' हें त्याच्याशीं बोलून ठरवा.