गुळाची बिअर गोड का लागत नाही

पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि जिथे बिअर तयार होते तिथेच, टाक्यांच्या शेजारी बसून ती पिण्याची पद्धत महाराष्ट्रात रुजू लागली. अशा ठिकाणी नेहमीच्या प्रकारांबरोबर एखादी ‘लिमिटेड एडिशन’ बिअरही मिळते. म्हणजे एखाद्या हंगामी फळाचा, मसाल्याचा किंवा स्थानिक धान्याचा वापर करून केलेली एकच टाकी, जी संपली की संपली. गुऱ्हाळावर एका आदणाचा गूळ दुसऱ्या आदणासारखाच उतरेल याची खात्री नसते, तशीच या बिअरचीही नसते.

कोल्हापूरकडच्या वारणा खोऱ्यात अल्कोहोल म्हटले की साखर कारखान्यातली मळी आणि तिच्यावर चालणारी डिस्टिलरी आठवते. मात्र बिअर ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थंड करण्याच्या क्रियेने, तयार होत नाही. मोड आणून वाळवलेले सातू, ज्यांना माल्ट म्हणतात, ते गरम पाण्यात भिजवले की त्यांतल्या स्टार्चची साखर होते. तो गोड अर्क हॉप्स या वेलीच्या कडू फुलांबरोबर उकळतात आणि थंड झाल्यावर त्यात यीस्ट सोडतात. साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करणे हे यीस्टचे काम, आणि बिअरची बरीचशी चव याच टप्प्यावर ठरते.

अशी लिमिटेड एडिशन बिअर कोल्हापुरी गुळाची असेल, तर ती गोड लागेल असे पिणाऱ्याला वाटणे साहजिक आहे, पण घडते बहुधा उलटे. माल्टच्या अर्कातल्या काही साखरा यीस्टला पचत नाहीत आणि त्या मागे राहून बिअरला भरीवपणा देतात. गुळातली साखर मात्र यीस्ट जवळजवळ पूर्ण संपवते, त्यामुळे अल्कोहोल वाढते, बिअरचा भरीवपणा कमी होतो आणि गोडी उडून जाते. बेल्जियममधले बिअर बनवणारे आपल्या कडक बिअरमध्ये मुद्दाम साखर घालतात, त्यामागेही हेच कारण आहे. गुळाचा मागे उरतो तो काकवीसारखा गंध आणि किंचित खारट, करपट छटा. नावातला पदार्थ ठळक लागला तरच बिअर जमली, असे मानणाऱ्याला ही छटा हाती लागणे कठीण.

ती पकडायची तर आधी वास घ्यावा, कारण ज्याला सामान्यतः चव म्हणतात त्यातला मोठा भाग नाकाने कळतो. मग लहान घोट तोंडात फिरवून सुरुवातीचा गोडवा, मधला आंबटपणा आणि गिळल्यानंतर रेंगाळणारा कडवटपणा वेगवेगळा ओळखावा. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो त्या जातीच्या यीस्टचा गुण असतो.

या बाबतीत वारणा खोऱ्यातल्या, दूध आणि श्रीखंडासाठी ओळखल्या जाणाऱ्या वारणानगरच्या माणसाचे नाक अगोदरच तयार असते, असे म्हणायला हरकत नाही. दह्यालोण्याला जो ओळखीचा सुगंध असतो त्यात डायअॅसिटिल या द्रव्याचा मोठा वाटा आहे, आणि जे श्रीखंडाच्या गावात कौतुकाचे, ते बहुतेक बिअरमध्ये दोषाचे ठरते. आंबताना यीस्टमुळेच हे द्रव्य तयार होते आणि थोडे दिवस बिअर तशीच ठेवली तर यीस्टच ते पुन्हा शोषून घेते. टाकी घाईने रिकामी केली की लोण्याचा वास ग्लासापर्यंत येतो. आंबट बिअर करताना तर दह्यातल्या जिवाणूंच्या भाऊबंदांनाच, लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंना, बोलावले जाते.

बिअर बर्फासारखी गार असेल तर यातले काहीच नीट कळत नाही, म्हणून गुळाची गडद बिअर दहा-बारा अंश सेल्सियसपर्यंत येऊ द्यावी. महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आहे, हेही येथे नोंदवायला हवे. राहिला प्रश्न गुळाचा. बाजारात पिवळाधमक गूळ भाव खातो आणि तो रंग आणण्यासाठी काही गुऱ्हाळांवर रासायनिक पावडरही वापरली जाते. बिअर बनवणाऱ्याला मात्र ज्याला व्यापारी नाक मुरडतो असा काळपट गूळच हवा असतो, कारण आंबल्यानंतर टिकणारा गंध त्यातच अधिक असतो.